इपॉक्सी लेप देण्यापूर्वी पॅकिंग शेडच्या कोब्याची तयारी

शेतमालाची प्रतवारी व पॅकिंग शेतावरच करण्याकडे द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांचा कल वाढला आहे. निर्यातीसाठी माल भरावयाचा असल्यास पॅकहाऊसला अपेडाची मान्यता घ्यावी लागते. अशा शेडमधील जमीन धूळ न सोडणारी व पाण्याने स्वच्छ धुता येणारी असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. साध्या सिमेंटच्या कोब्याची बारीक पूड कायम निघत राहते. द्राक्षाचा मणी फुटला की आंबट-गोड रस कोब्यात मुरतो व त्यावर माश्या घोंघावतात. दूध संकलनाच्या खोलीत तर सांडलेल्या दुधातील लॅक्टिक आम्ल कोब्यावरचे सिमेंट हळूहळू खाते आणि वाळूचे दाणे उघडे पडतात. या सर्वांवर उपाय म्हणून कोब्यावर इपॉक्सीचा लेप देण्याची पद्धत रूढ होत आहे. लेप चांगलाच आहे. परंतु पहिल्या पावसाळ्यातच तो फुगला, सुटला, अशा तक्रारी वारंवार ऐकू येतात आणि दोष नेहमी रंगाच्या डब्याला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष डब्यात नसून लेपाखाली असतो.

पीक सोडून हा सिमेंटचा विषय कुठून काढला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण घरचेच आहे. तासगाव तालुक्यातील आमच्या शेडमध्ये थोरल्या भावाने मे २०२२ मध्ये लेप करून घेतला, तो माझ्याच सांगण्यावरून. कारागिरांनी कोबा झाडला, ओल्या फडक्याने पुसला आणि तिसऱ्या दिवशी काम पुरे केले. आरशासारखी चकचकीत जमीन पाहायला गावातील मंडळी येऊन गेली. ऑगस्टमध्ये भावाने बोलावून घेतले. भिंतीकडेला रुपयाएवढे फोड आणि मधल्या भागात भाकरीएवढे पापुद्रे सुटलेले होते. एक पापुद्रा उचलून पाहिला, तर त्याच्या खालच्या बाजूस सिमेंटची पिठासारखी पूड चिकटून आली होती आणि कोब्यावर पांढरी भुकटी पसरली होती. "बुरशी आली का रे ही?" भावाने विचारले. ती बुरशी नव्हती, क्षार होते. दरवर्षी विद्यार्थ्यांना क्षारपड जमिनीचा पाठ शिकवणाऱ्या मला ते आधीच ओळखता यायला हवे होते. एप्रिलमध्ये रिकामे क्रेट हलविताना भिंतीच्या कडेला तीच पांढरी भुकटी मी पाहिली होती, आणि चुना सांडला असेल म्हणून सोडून दिली होती.

त्या एका पापुद्र्यात दोन्ही चुका दिसत होत्या. चिकटून आलेली पूड ही पहिली आणि क्षार ही दुसरी.

कोब्यावरची साय

कोबा ओतला की जड खडी व वाळू खाली बसते आणि जादा पाणी वर येते. वर येताना ते सिमेंटचे व मातीचे अतिबारीक कण सोबत आणते. पाणी उडून जाते, कण वरच राहतात. दुधावर साय धरावी तसा हा थर असतो. दिसायला गुळगुळीत, पण आतून कच्चा. मिश्रणात पाणी जितके जास्त तितकी साय जाड. ५० किलोच्या एका पोत्यास सर्वसाधारणपणे २५ लिटरच्या आसपास पाणी पुरते, परंतु माल सहज पसरावा म्हणून गवंडी त्यात आणखी बादली ओततात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. भरीस भर म्हणून कोब्यावर पाणी सुटलेले असतानाच कोरडे सिमेंट भुरभुरून पोलादी थापीने घोटाई केली जाते. घरमालकही अशा घोटलेल्या चकाकीवर खूश असतो. लेपाच्या दृष्टीने मात्र ही चकाकी म्हणजेच दोष होय. लेप सायीला घट्ट चिकटतो, पण सायच कोब्याला घट्ट धरून नसते.

तपासणी सोपी आहे. लोखंडी खिळ्याने जोर देऊन कोब्यावर ओरखडा काढावा. बारीक, टणक रेघ उमटली तर ठीक. खिळा रुतून पांढरी पूड निघाली तर साय आहे असे समजावे. त्यानंतर ठिकठिकाणी थोडे पाणी शिंपडावे. दोन-चार मिनिटांत पाणी शोषले जाऊन कोबा गडद दिसू लागला पाहिजे. थेंब अळवाच्या पानावर राहावेत तसे तरंगत राहिले, तर वर तेल, मेण किंवा फार घट्ट घोटाई आहे आणि लेपाला आत शिरायला वाट नाही. शेवटी हातोडीने सगळीकडे हलके ठोकत जावे. खणखणीत आवाजाऐवजी पोकळ, बद्द आवाज आला तर तेथे कोब्याचा वरचा थर खालच्या थरापासून सुटलेला आहे. तेवढा भाग फोडून पुन्हा भरल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोठे काम असल्यास लेप देणाऱ्यांकडे ओढून पाहण्याचे उपकरण मागावे. चौरस सेंटीमीटरला साधारण १५ किलोची ओढ कोब्याने सोसली पाहिजे, असा दंडक आहे.

खालून येणारा ओलावा

आता दुसऱ्या चुकीकडे वळू. आपल्याकडील बहुतेक शेड काळ्या जमिनीवर, थोडा मुरूम टाकून उभ्या राहिल्या आहेत. शेजारी बाग, बागेला ठिबक किंवा पाट, काही ठिकाणी कालवा. जमिनीतील पाणी बारीक पोकळ्यांतून केशाकर्षणाने वर चढते, हे वाचकांना माहीत आहे. कोब्यातही अशाच, किंबहुना त्याहून बारीक पोकळ्या असतात. खाली अटकाव नसेल तर पाणी मुरमातून कोब्यात आणि कोब्यातून वर येते. उघडा कोबा असताना ते येते तितके उडून जाते, म्हणून वरून सर्व कोरडे दिसते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. कृष्णाकाठच्या पाणथळ शेतात उन्हाळ्यात पांढरा पोपडा धरतो, तीच ही क्रिया.

लेप दिला की ही वाफ कोंडली जाते. ज्यांनी भाजीपाल्याला प्लास्टिक मल्चिंग केले आहे त्यांनी आठवून पाहावे. बाजूची माती कोरडी असली तरी कागद उचलला की खालची माती ओलसर असते आणि कागदाच्या पोटाला थेंब लागलेले असतात. इपॉक्सीचा लेप म्हणजे कोब्यावरचे मल्चिंगच, फरक इतकाच की येथे ओलावा टिकणे आपल्याला नको असते. लेपाखाली साचलेल्या पाण्यात सिमेंटमधील अल्कली विरघळते व त्याचा सामू १२ ते १३ पर्यंत जातो. त्यात क्षार मिसळले की ते आणखी पाणी ओढून घेते. बेदाणा पाण्यात टाकला की तो फुगतो, तसाच लेपाखालचा फोडही फुगतो. साधा ऑइलपेंट कोब्यावर का टिकत नाही तेही यावरून लक्षात येईल. तेल आणि अल्कली एकत्र आले की त्याचा चक्क साबण होतो, आणि रंग चिकट, मऊ होऊन निघतो.

ओलावा पाहण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. सुमारे ४५ सें.मी. लांब-रुंद असा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात. किमान १६ तास, शक्यतो संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो तसाच ठेवावा. ऊन पडते ती जागा टाळावी. कागद उचलल्यावर पोटाला थेंब दिसले किंवा खालचा कोबा बाजूच्यापेक्षा गडद झाला, तर ओलावा वर येतो आहे. प्रत्येक ५०० चौरस फुटांस असा एक तुकडा लावावा. त्यातला एक भिंतीकडेला, एक धुण्याच्या जागेजवळ आणि एक शेडच्या सर्वांत सखल बाजूस असावाच.

परंतु ही चाचणी कोणत्या महिन्यात घेतली याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात भूजल खाली गेलेले असते, हवा कोरडी असते आणि कागदाच्या पोटाला एकही थेंब लागत नाही. आम्ही मेमध्ये चाचणी घेतली नव्हतीच, पण घेतली असती तरी कदाचित फसलो असतो. थेंब दिसले तर ओलावा नक्की आहे. दिसले नाहीत तर तो त्या दिवशी नव्हता, एवढेच सिद्ध होते. म्हणून चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस भरात असताना घ्यावी आणि लेपाचे काम नंतरच्या कोरड्या दिवसांत करावे. द्राक्षाची शेड जुलै ते डिसेंबर बहुधा रिकामीच असते, तेव्हा यासाठी सवड मिळते.

नवीन कोबा करावयाचा असल्यास हा सगळा त्रास मुळातच टाळता येतो. काळी माती खणून काढावी, मुरूम भरून धुम्मस करावे, सोलिंग व त्यावर बारीक मालाचा समतल थर द्यावा आणि मग २५० मायक्रॉन म्हणजे १००० गेजचे प्लास्टिक अंथरावे. शेततळ्याला आपण साधारण ५०० मायक्रॉनचा कागद वापरतो; येथे त्याच्या निम्म्या जाडीचा पुरतो, मात्र भोके पडता कामा नयेत. जोडावर २० सें.मी. कागद एकावर एक घ्यावा आणि कडा भिंतीलगत वर वळवाव्यात. प्लास्टिकचा खर्च कोब्याच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो, आणि तो नंतर कोणत्याही किमतीला कोब्याखाली घालता येत नाही.

कोब्याला २८ दिवस झाले म्हणजे लेपाला तयार, असा एक समज आहे. २८ दिवस हे ताकदीचे आहेत. वाळण्यास त्याहून अधिक काळ लागतो. कोरड्या हवेत जाडीच्या प्रत्येक इंचास सुमारे एक महिना, असा ढोबळ हिशोब धरला जातो. चार इंची कोबा जूनमध्ये करून ऑगस्टमध्ये त्यावर लेप देण्याची घाई करू नये. मेणयुक्त क्युअरिंग रसायन फवारू नये, पाणी मारूनच कोबा पक्का करावा.

आधी तेल, मग घासाई

ट्रॅक्टर उभा राहतो तेथे डिझेल व ऑइलचे डाग असतात, दूधघरात तुपकट थर असतो. हे आधी काढावे, घासाई नंतर. क्रम उलटा केला तर तेल अधिक खोल व सर्वत्र पसरते. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून ताठ ब्रशने खरडून धुवावे, पाणी पुसून घ्यावे व पुन्हा धुवावे. त्यानंतरही थेंब तरंगत असतील तर तेल आत मुरले आहे; तेवढा भाग छिन्नीने काढून भरणे हाच मार्ग.

साय काढण्याचे दोन मार्ग आहेत, यंत्राने घासणे आणि आम्लाने धुणे. माझे मत घासाईच्या बाजूने आहे. शहरात हिऱ्याच्या दातांचे, धूळ ओढून घेणारे घासाईयंत्र भाड्याने मिळते. ते न मिळाल्यास तालुक्याच्या गावी मोझॅक फरशी घासणारे कारागीर असतात, त्यांचे यंत्र चालते. त्यांना एकच गोष्ट निक्षून सांगावी: फक्त सर्वांत जाड दगड लावा, पॉलिश करू नका. सवयीने ते बारीक दगड लावून कोबा गुळगुळीत करून देतात आणि केलेले काम वाया जाते. वाळूचा दाणा न् दाणा दिसू लागला आणि हाताला ६०-८० नंबरच्या काचपेपरसारखे लागले की थांबावे. ओली घासाई केल्यास राखाडी राबडी तयार होते. ती वाळू दिली तर पुन्हा नवी साय तयार होते, म्हणून ओली असतानाच भरपूर पाण्याने धुऊन काढावी. कोरड्या घासाईत उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम कोणी करू नये व मजुरांकडूनही करवून घेऊ नये. चांगल्या प्रतीचा मास्क आवश्यक आहे.

यंत्र मिळणे अशक्यच असेल तर आम्ल वापरावे लागते. बाजारात मिळणारे सुमारे ३० टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल एक भाग, चार भाग पाण्यात मिसळावे. आम्ल पाण्यात ओतावे. पाणी आम्लात कधीही ओतू नये. प्लास्टिकची बादली, रबरी हातमोजे, गमबूट आणि चष्मा हवाच. कोबा प्रथम ओला करून घ्यावा, द्रावण शिंपडावे, फेस येऊन तो थांबला की ब्रशने खरडावे व न वाळू देता धुवावे. फेस आलाच नाही तर वर तेल किंवा मेण आहे. एकदा धुऊन भागत नाही. आम्लामुळे तयार झालेले कॅल्शियम क्लोराईड मागे राहिले तर ते हवेतील ओल ओढत राहते. धुण्याच्या शेवटच्या पाण्याचा सामू रंगपट्टीने पाहावा. तो आपल्या विहिरीच्या पाण्याच्या सामूइतका येईपर्यंत धुणे चालू ठेवावे. आम्लाच्या वाफेने शीतगृहाचे पत्रे व यंत्रे गंजतात, म्हणून त्या खोल्यांत आम्ल टाळलेलेच बरे. गोठ्यालगत काम असल्यास जनावरे बाहेर काढावीत. धुतलेले पाणी चुन्याने शमवून मगच सोडावे, बागेत जाऊ देऊ नये. आणि आम्लाने धुतलेला कोबा चांगलाच भिजलेला असतो, तेव्हा तो वाळण्यासाठी पुन्हा थांबणे आले.

भेगा

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात फुगते. तिच्यावरचा कोबाही तिच्याबरोबर हलतो. म्हणून कोब्यावरची भेग जिवंत आहे की मेलेली, हे आधी ठरवावे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवून तारीख लिहावी. मे ते सप्टेंबर या काळात काच तडकली तर भेग हलते आहे. न हलणारी भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करून, साफ करून इपॉक्सीच्या लुकणाने भरावी. हलणारी भेग कडक मालाने भरून उपयोग नाही, ती शेजारून पुन्हा फुटते. तेथे, तसेच कोब्यात मुद्दाम सोडलेल्या सांध्यांवर, लेप तोडून लवचीक सीलंट भरावे. सांधा दिसतो म्हणून त्यावरून लेप ओढण्याचा आग्रह मालकांनी धरू नये.

लेपाच्या दिवशी

धूळ झाडूने काढू नये, ती उडून पुन्हा बसते. ओढून घेणारे यंत्र वापरावे. मग चिकटपट्टी कोब्यावर दाबून उचलावी, पट्टी पांढरी झाली तर पुन्हा सफाई करावी. कोब्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे. हिवाळ्यात पहाटे पत्र्यावर दव असताना काम सुरू करू नये. त्याचप्रमाणे कोबा तापत असतानाही पहिला हात देऊ नये. तापताना कोब्यातील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या लेपात सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. दुपार कलल्यावर, कोबा थंड होऊ लागला की प्रायमर मारावा. तेव्हा तो आत ओढला जातो. दोन डब्यांचे मिश्रण पूर्ण डब्यानेच करावे, अंदाजाने अर्धे-अर्धे घेऊ नये.

ओलावा थांबत नसेल तर

पावसाळ्यातील चाचणीत सर्वत्र थेंब आले आणि खाली प्लास्टिक नाही, हे उघड झाले, तर साधा इपॉक्सी लेप देऊ नये. ओलसर कोब्यावर चालणारे सिमेंट-इपॉक्सी मिश्रणाचे थर मिळतात, पण ते खर्चिक असतात आणि त्यांनाही साय काढावीच लागते. उंचीची अडचण नसेल तर जुन्या कोब्यावर प्लास्टिक अंथरून नवा कोबा करता येतो. नाहीतर फरशी बसवावी. मात्र शहाबादी व कोटा या दोन्ही चुनखडीच्या जातीच्या आहेत, दुधाचे आम्ल त्यांनाही खाते. दूधघरासाठी त्या योग्य नाहीत; पॅकिंग शेडमध्ये रोज धुण्याची शिस्त असेल तर चालतात.

आमच्या शेडमध्ये सुटलेला लेप खरवडायला पहिल्या कामापेक्षा जास्त मजुरी गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये सहा ठिकाणी प्लास्टिक लावले. पाटाकडच्या अर्ध्या भागात तीनही तुकड्यांना थेंब आले, रस्त्याकडचे तीन कोरडे राहिले. पाटाकडच्या भागात कोटा फरशी बसविली आणि तेथे रिकामे क्रेट व खोके ठेवायची जागा केली. रस्त्याकडचा भाग जाड दगडाने घासून डिसेंबरमध्ये लेप दिला आणि पॅकिंगची टेबले तिकडे नेली. तो लेप आजवर शाबूत आहे. फक्त हात धुण्याच्या बेसिनजवळ तळहाताएवढा एक फोड दर ऑगस्टला वर येतो आणि ऑक्टोबरमध्ये बसतो. भावाने त्याच्याभोवती मार्करने रेघ मारून तारीख लिहून ठेवली आहे.